'सिटिझन केन' : छताखालची सत्ता

'सिटिझन केन' (१९४१) या चित्रपटाची चर्चा बहुधा वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्या रोषाभोवतीच फिरते. नायक केन हर्स्ट यांच्यावर बेतलेला म्हणून त्यांच्या वृत्तपत्रांनी चित्रपटाचा उल्लेखही वर्ज्य केला. एम.जी.एम.चे लुई मेयर यांच्या वतीने तर निगेटिव्ह नष्ट करण्यासाठी सुमारे ८ लाख डॉलर देऊ करण्यात आले. आर.के.ओ. कंपनीने ते नाकारले. मला मात्र या वादाचे मर्म चित्रीकरणातच सापडते.

१९४० साली चित्रीकरण झाले तेव्हा दिग्दर्शक ऑर्सन वेल्स अवघा २५ वर्षांचा होता. छायालेखक ग्रेग टोलंड यांच्या साहाय्याने त्याने कॅमेरा पार जमिनीलगत नेला. निवडणुकीतील पराभवानंतरच्या प्रसंगासाठी तर स्टुडिओची जमीनच खोदली. इतक्या खालून पाहिले की छत दिसणारच. परंतु वर दिवे व ध्वनिग्राहक असल्याने सेटला सहसा छत नसे. म्हणून मलमलीचे छत ताणून ध्वनिग्राहक त्यामागे दडवले गेले.

परिणाम असा की केन पडद्यावर प्रचंड दिसतो, पण छत जणू त्याच्या माथ्यावर टेकलेले असते. सत्ता माणसाला मोठे करते आणि कोंडूनही टाकते, हे एका शब्दावाचून कळते. ज्या चित्रपटाची तोंडबंदी करू पाहिली, त्याचे सर्वांत बोचरे विधान असे निःशब्द आहे.

चित्रपटाला ९ ऑस्कर नामांकने मिळाली. पारितोषिक मात्र एकच, तेही मँकिविझ व वेल्स यांच्या पटकथेला. मित्रहो, हा चित्रपट पाहाल तेव्हा केनच्या डोक्यावरचे छत अवश्य पाहा.