कोठी आणि मिसळणाचा डबा

आपल्या स्वयंपाकघराकडे क्षणभर पाहा. वर्षाची हळद, मोहरी, जिरे ही कोठीच्या खोलीत असतात. परंतु तेल तापल्यावर कोणी कोठीकडे धावत नाही. त्यासाठी हाताशी मिसळणाचा डबा असतो. कोठी साऱ्या घराची, डबा स्वयंपाक करणाऱ्याचा. आणि दोहोंत जिन्नस नसेल तर बाजार गाठावा लागतो. संगणकातही अशीच व्यवस्था असते. तिचा थोडा विचार आपण येथे करू.

संगणकाचा बाजार म्हणजे त्याची तबकडी. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवरील हवा तो भाग वाचनशीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद लागतात. शीर्ष सरकविण्याचा वेळ वेगळाच. मुख्य स्मृतीतून मात्र तीच माहिती सेकंदाच्या सुमारे एक कोटीव्या भागात हाती येते. म्हणून एकदा आणलेली माहिती स्मृतीत राखून ठेवतात. या साठ्यास ‘कॅश’ म्हणतात. हा शब्द रोख रकमेचा नव्हे. ‘लपविणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून तो आला आहे.

आता हा साठा कोणी राखावा? यंत्राचा सर्व कारभार पाहणारी ऑपरेटिंग सिस्टिम वाचलेल्या फायलींची पाने आपण होऊन स्मृतीत ठेवते. ही झाली कोठी. उलट, एखादी आज्ञावली स्वतःच्या वाट्याच्या स्मृतीत स्वतःचा साठा बाळगते. हा झाला डबा.

कोठीचे गुण उघड आहेत. तिच्यासाठी आज्ञावलीस काहीच करावे लागत नाही. एकच पान दहा आज्ञावल्यांना हवे असले तरी ते एकदाच ठेवले जाते. एखादी आज्ञावली बंद करून पुन्हा सुरू केली तरी कोठी भरलेलीच राहते. डबा मात्र आज्ञावलीबरोबरच रिकामा होतो. शिवाय डब्यातील माहिती शिळी झाली की नाही, हे पाहण्याचे ओझे आज्ञावलीच्याच माथी येते.

परंतु उद्याचा बेत काय आहे हे कोठीस ठाऊक नसते. मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८१ साली एका लेखात नेमके हेच दाखविले. एक उदाहरण घेऊ. स्मृतीत चार पानांची जागा आहे आणि आज्ञावली पाच पाने क्रमाने पुनःपुन्हा वाचते. ‘सर्वांत जुने वापरलेले पान काढावे’ हा कोठीचा नेहमीचा नियम. पाचवे पान येताच पहिले गेले. लगेच पहिले हवे, म्हणून दुसरे गेले. मग दुसरे हवे! अशा रीतीने प्रत्येक वाचनास बाजार गाठावा लागतो. याउलट आज्ञावलीने नुकतेच वापरलेले पान काढण्याचे ठरविले, तर आरंभानंतर चार वाचनांत एकदाच तबकडीकडे जावे लागते. कागदावर मांडून पाहा, म्हणजे खात्री पटेल.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. आज्ञावलीने ‘लिही’ म्हटले की पान प्रथम कोठीत पडते. तबकडीवर ते मागाहून जाते. लिनक्समध्ये नेहमीच्या योजनेनुसार बदललेले पान सुमारे ३० सेकंद थांबू शकते. तेवढ्यात वीज गेली तर? एका खात्यातून पैसे वजा झाल्याची नोंद टिकली आणि दुसऱ्यात जमा झाल्याची पुसली गेली, तर हिशेब कोणी जुळवावा? म्हणून माहितीकोश सांभाळणाऱ्या आज्ञावल्या बदलाची नोंद आधी रोजनाम्यात करतात, आणि ती तबकडीवर पोहोचल्याची ग्वाही ऑपरेटिंग सिस्टिमकडून मिळाल्यावरच व्यवहार पुरा झाला असे सांगतात.

मग सारा साठा आज्ञावलीनेच ठेवावा काय? तसेही नाही. २००६ साली ‘व्हार्निश’ ही आज्ञावली रचणारे पौल-हेनिंग काम्प यांनी उलट बाजू मांडली. डबा फार मोठा केला, तर स्मृती अपुरी पडून ऑपरेटिंग सिस्टिम त्यातीलच पाने तबकडीवर हलविते. आज्ञावलीस याची गंधवार्ता नसते. ती तेच पान ‘आता तबकडीवर ठेवू’ म्हणून उचलते, तेव्हा ते आधी तबकडीवरून आणावे लागते आणि मग पुन्हा तबकडीवरच लिहावे लागते. दोन कारभारी एकमेकांस न विचारता राबले की असा व्यर्थ श्रम घडतो.

व्यवहारात दोन्ही मार्ग आढळतात. ‘पोस्टग्रेस्क्यूएल’ची मार्गदर्शिका स्वतःच्या साठ्यासाठी एकचतुर्थांश स्मृतीपासून आरंभ करण्यास सुचविते, उरलेली कोठीच्या भरवशावर राहते. काही पाने त्यामुळे दोन्हीकडे राहतात, हा तिचा तोटा. ‘मायएसक्यूएल’साठीच राखलेल्या यंत्रावर मात्र तिच्या साठ्यास शेकडा ८० पर्यंत स्मृती देतात, आणि कोठीस वळसा घालून थेट तबकडीशी व्यवहार करण्याची सोयही तीत आहे.

तात्पर्य, आपल्या कामाचा क्रम ज्यास नेमका ठाऊक आहे त्याने डबा अवश्य बाळगावा. ज्यास तो ठाऊक नाही त्याने कोठीवर विसंबावे. आणि जे गमावून चालणार नाही, ते बाजारपेठेच्या वहीत उतरले की नाही, याची खात्री मात्र दोघांनीही करून घ्यावी.