बाळंतीण माहेरी आली, नोंद कोठे?

गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावच्याच स्त्रियांना नवजात बालकांच्या देखभालीचे शिक्षण दिले. १९९५ ते १९९८ या तीन वर्षांअखेर तेथील नवजात मृत्युदर, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटला. २०११ पासून ही पद्धत देशभर ‘आशा’ कार्यकर्तींकडे आली. रुग्णालयात प्रसूत झालेल्या मातेच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी भेट द्यावयाची. बाळाचे वजन, ताप, अंगावर पिणे पाहावयाचे.

हिंगोली जिल्ह्यात खरी अडचण नोंदवहीची आहे. पहिलटकरीण माहेरी जाते. सेनगावकडील सून वसमतकडे गेली की सासरच्या ‘आशा’ला ती दिसत नाही, आणि माहेरच्या वहीत तिचे नाव चढलेले नसते. नेमके पहिले, सर्वांत धोक्याचे दिवस असे निसटतात. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांचे तर विचारावयासच नको. येथे औषधापेक्षा शेजाऱ्याचा निरोप अधिक मोलाचा. गाव आरोग्य समितीच्या मासिक बैठकीत सरपंचांनी दोन प्रश्न विचारावेत: या महिन्यात माहेरपणाला कोण आली? गावातून कोण गेली? गेलेल्या गर्भवतीचे नाव त्या गावच्या ‘आशा’ला त्याच दिवशी दूरध्वनीने कळवावे.