पाळी मोजावी कशाने?

आमच्या विहिरीत तीन घरांचा हिस्सा आहे आणि पाण्याची पाळी तासांवर ठरलेली आहे. थोरल्या काकांचे रान विहिरीला लागून, आमचे सर्वांत टोकाला. मध्ये मातीचा पाट, निम्मे पाणी तोच पिणार. काकांचे जितके वाफे तासाभरात भिजतात, त्याच्या निम्मेही आमचे भिजत नसत. "तासांवर नको, वाफ्यांवर पाळी लावा," असे वडील दर उन्हाळ्यात म्हणत आणि आजोबा दर उन्हाळ्यात नकार देत. मला आजोबांचा राग येई.

त्या रागाची आठवण मला वसतिगृहातील वाय-फायने करून दिली. राउटर जिन्यापलीकडच्या पहिल्या खोलीजवळ, आमची खोली शेवटची. "शेवटच्या खोलीने व्हिडिओ लावला की आमचेही बंद पडते," असे तिकडच्या मुली म्हणत. मला तो टोमणा वाटला. खरे-खोटे पाहावे म्हणून मी वाचायला बसले, आणि टोमणा शास्त्रशुद्ध निघाला! कला शाखेच्या विद्यार्थिनीने ह्या विषयात का शिरावे, असे कोणी विचारील. पण अर्थशास्त्राच्या तासाला आपण ज्याला न्याय्य वाटप म्हणतो, तोच प्रश्न येथे आहे.

वाय-फायच्या एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. प्रत्येक यंत्र थोडे थांबते, हवा मोकळी आहे असे पाहते आणि आपले एक पॅकेट पाठवते. अशा रीतीने सर्वांना सारख्याच पाळ्या मिळतात. वरवर पाहता ह्याहून न्याय्य काय असणार? पण राउटरजवळचे यंत्र भरभर बोलते. लांबच्याला मात्र सावकाश बोलावे लागते, जसे नदीपलीकडच्या माणसाला आपण एकेक शब्द सुटा करून सांगतो.

आता हिशेब पाहू. वाय-फायच्या जुन्या प्रकारात जवळचे यंत्र सेकंदाला ११ मेगाबिट आणि लांबचे १ मेगाबिट वेगाने बोले. १५०० बाइटचे पॅकेट म्हणजे १२,००० बिट. जवळच्याला त्यासाठी सुमारे १.१ मिलिसेकंद लागतात, लांबच्याला १२. (मधला थांबण्याचा वेळ मी सोडून दिला आहे.) दोघांची एकेक पाळी झाली की १३.१ मिलिसेकंद जातात आणि त्यांतले १२ एकट्या लांबच्याचे! दोघांनाही सेकंदाला ०.९ मेगाबिटच मिळतात. म्हणजे अकराच्या वेगाचा मनुष्यही एकाच्या खाली येतो. फ्रान्समधील ग्रनोब्लच्या संशोधकांनी २००३ साली हा दोष दाखवून दिला. हीच ती वाफ्यांवरची पाळी: शेवटचा वाफा भिजेपर्यंत विहीर अडलेली.

उलट दोघांना वेळ सारखा दिला, तर जवळच्याला ५.५ आणि लांबच्याला ०.५ मेगाबिट मिळतात.

हा वेळ मोजणार कोण? राउटरमधील ड्रायव्हर, म्हणजे रेडिओचे यंत्र चालवणारी आज्ञावली. कोणाशी किती वेगाने बोलणे चालले आहे, हे तिलाच ठाऊक असते. ती प्रत्येक यंत्राचे खाते उघडते, फेरीगणिक त्यात ठरावीक मायक्रोसेकंद जमा करते आणि बोलण्यात गेलेला वेळ वजा करते. त्या यंत्राने स्वतः पाठवण्यात घालवलेला वेळही त्याच्याच नावे पडतो. खात्यात तूट आली की पाळी पुढच्याची. ही तुटीची युक्ती श्रीधर आणि जॉर्ज व्हर्गिस यांनी १९९५ साली मांडली. व्हर्गिस हे मुंबईच्या आय.आय.टी.चे विद्यार्थी. त्यांनी बाइट मोजले होते. स्वीडनमधील कार्लस्टाड विद्यापीठातील टोके हॉयलंड-यॉर्गेन्सन आणि सहकाऱ्यांनी बाइटऐवजी वेळ मोजला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात दोन वेगवान यंत्रे आणि एक मंद यंत्र होते. जुन्या पद्धतीत ते एकटे मंद यंत्र सुमारे ८० टक्के वेळ खात होते. नव्या पद्धतीत तिघांचे वाटे जवळजवळ सारखे झाले. २०१९ साली ही व्यवस्था लिनक्सच्या सामाईक वाय-फाय भागात आली.

येथे मला थांबावेसे वाटते, कारण ह्या सुधारणेत तोटा माझाच आहे. ०.९ चे ०.५ होतात ते शेवटच्या खोलीचे. एकूण बेरीज १.८ वरून ६ वर गेली, हे आकडे पहिल्या खोलीला गोड लागतील. तरी दोन गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. ज्याचे मागणे थोडे आहे, एखादा छोटा निरोप एवढेच, त्याला ही व्यवस्था रांगेत पुढे घेते, मग तो कितीही लांब असो. शिवाय प्रत्येक खात्याला वजन असते. मुळात ते सर्वांचे २५६ असते, पण चालवणाऱ्याला एखाद्याचे वाढवता येते. तेव्हा सारखेपणा हा यंत्राचा हुकूम नव्हे, तो कोणीतरी ठरवलेला आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी हा हिशेब आजोबांना सांगितला. ते म्हणाले, "वाफ्यांवर पाळी लावली असती, तर तुझ्या बापानं पाइप टाकला असता का?" वडिलांनी गेल्या वर्षी कर्ज काढून पाइपलाइन केली, हे खरे आहे. कर्जात काकांचा वाटा काही नव्हता, हेही खरे आहे. ते मी आजोबांना बोलून दाखवले. ते काही बोलले नाहीत.

वसतिगृहात आम्ही रेक्टर मॅडमना अर्ज दिला आहे की राउटर जिन्याजवळ, मधोमध बसवावा. खर्च एका लांब वायरीचा आहे. अर्जावर पहिल्या खोलीतल्या तिघींच्याही सह्या आहेत. चौथीने अजून केलेली नाही.