नुसतं बघतेस, तेव्हाही

रामबाग, इंदूर

चि. सोनूस,


सुपर कॉरिडॉरवरच्या नव्या नोकरीत रेडिस हा डेटाबेस तुझ्याकडे सोपवलाय, हे ताईकडून कळलं. आनंद झाला. फोनवर म्हणालीस, ‘फ्लशऑलच्या वाटेलाच जाणार नाही मामा, नुसती बघत जाईन.’ सगळा डेटा पुसणाऱ्या फ्लशऑल आज्ञेला सगळेच भितात, म्हणून तिथे हात आपोआप थबकतो. मला काळजी आहे ती तुझ्या नुसतं बघण्याची.

रेडिस एका वेळी एकच आज्ञा पाळतं. सॅल्वाटोरे सॅनफिलिप्पो या इटालियन प्रोग्रामरने २००९ मध्ये ते आणलं, तेव्हापासूनची ही रीत. वेग त्यातूनच येतो आणि खोळंबाही. ‘कीज *’ दिलंस की सगळ्या नोंदी चाळून होईपर्यंत बाकीचे रांगेत. साध्या लॅपटॉपवर दहा लाख नोंदी ४० मिलिसेकंदांत चाळून होतात, म्हणून घरी सराव करताना काही जाणवत नाही. पाच कोटी असल्या तर त्याच हिशेबाने दोन सेकंद, आणि तेवढा वेळ कुणाचंच काम पुढे सरकणार नाही. त्याऐवजी ‘स्कॅन’ वापर. ते थोडं थोडं आणतं, मध्ये इतरांना वाट देतं. एखादं नाव दोनदा आलं तर गोंधळू नकोस, स्कॅनमध्ये ते चालायचंच. तसंच, येणारी प्रत्येक आज्ञा दाखवणाऱ्या ‘मॉनिटर’ची एक खिडकी उघडी राहिली, तर सर्व्हरची निम्मी ताकद तिच्यातच जाऊ शकते.

आता मुदतीचं. सराफ्यात रात्री दुकानांपुढे खाण्याचे ठेले लागतात आणि सकाळी सराफांची शटरं उघडण्याआधी जागा मोकळी होते. लॉगिनच्या नोंदींचंही तसंच हवं. ‘टीटीएल’ने उरलेली मुदत विचारल्यावर उणे एक आलं, तर ती नोंद आपणहून कधीच उठणार नाही. उणे दोन म्हणजे ती मुळात नाहीच. मुदत लावलेल्या नोंदीवर हाताने साधं ‘सेट’ केलंस, तर मूल्य बदलतं आणि मुदत निमूट पुसली जाते. ‘कीपटीटीएल’ जोडत जा. एरवी पुढे कधीतरी मेमरी भरते आणि सगळी टीम कारण शोधत बसते.

प्रॉम्प्टवर १२७.०.०.१ दिसलं म्हणजे आपलंच मशीन, असंही धरू नकोस. एसएसएच टनेलमधून प्रॉडक्शनला जोडलेली असलीस तरी तोच पत्ता दिसतो. आधी ‘डीबीसाइझ’ने नोंदींची संख्या विचार. आकडा लाखांत आला तर हात आवर.

रेडिसच्या परवानग्यांमध्ये ‘डेंजरस’ नावाचा एक गट आहे. त्यात फ्लशऑलच्या पंगतीला कीज आणि मॉनिटरही बसवलेत, यावरून काय ते समज. आवृत्ती ६ पासून प्रत्येकाला वेगळा युजर देता येतो. टीमलीडकडे हा गट वगळलेला युजर माग. सर्व्हरची माहिती देणारं ‘इन्फो’ही त्यातच मोडतं, तेवढं मात्र परत जोडून घे. नव्या माणसाने असं मागण्यात कमीपणा नाही. सोमवारीच माग.

तुझा,
मामा