गिटारचे ध्वनिवर्धक कसे जमवावेत

विजेच्या गिटारीस ध्वनिवर्धक हे केवळ आवाज मोठा करण्याचे साधन नव्हे. तिच्या स्वराचे ते अर्धे अंग होय. यास्तव संग्रह करणाऱ्याने यंत्रांच्या संख्येपेक्षा त्यांच्या स्वभावभेदाकडे लक्ष द्यावे. अमेरिकेतील फेंडर कंपनीच्या 'डीलक्स रिव्हर्ब'ची शक्ती सुमारे २२ वॅट व स्वर निर्मळ; इंग्लंडच्या 'व्हॉक्स एसी३०'चा स्वर घंटेसारखा लखलखीत. जिम मार्शल यांच्या लंडनमधील दुकानात १९६२ साली फेंडरच्या 'बेसमन'चाच आराखडा समोर ठेवून नवे यंत्र घडविले गेले. तथापि सुटे भाग व स्पीकर निराळे असल्याने स्वरही निराळाच निघाला!

ध्वनिमुद्रणास मोठे यंत्र लागतेच असे नाही. व्हॉल्व्हवर पूर्ण भार पडला म्हणजे स्वर किंचित फाटतो, आणि त्यातच गोडी असते. ही गोडी ५ वॅटच्या 'चँप'मध्ये लहानशा खोलीतही साधते. १०० वॅटच्या यंत्रात ती साधेपर्यंत शेजारी दार ठोठावू लागतील. शिवाय शक्ती दुप्पट केली तरी आवाज ३ डेसिबेलच वाढतो. म्हणून पैसा थोडा असल्यास प्रथम लहान यंत्र घ्यावे. कार्यक्रमास २० ते ३० वॅट बहुधा पुरतात. सभागृह मोठे असल्यास यंत्रापुढे मायक्रोफोन ठेवावा. मात्र खरेदीपूर्वी यंत्र एकवार उचलून पाहावे; 'एसी३०'चे वजन ३० किलोच्या आसपास असते, आणि रंगमंचाला बहुधा जिना असतो.