६१७४

मुलांनो, चार अंकी संख्या घ्या. मात्र चारही अंक सारखे नसावेत. १९४७ घेऊ. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान संख्या वजा करा : ९७४१ − १४७९ = ८२६२. उत्तरावर हीच कृती करीत गेल्यास ६३५४, ३०८७, ८३५२ आणि अखेर ६१७४ येते. (शून्यालाही अंकाचा मान द्यावा, बरे!) पुढे? ७६४१ − १४६७ = पुन्हा ६१७४! आरंभीची संख्या कोणतीही असो, फार तर सात वजाबाक्यांत हेच उत्तर येते.

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांना हे १९४९ साली उमगले. कित्येक गणितज्ञांनी तो पोरखेळ मानला. १९७५ साली अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात लिहिले, तेव्हा मास्तरांचे नाव दूरवर पोचले. आज ६१७४ ला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात. १९४९ हीच संख्या घेऊन पाहा. पुऱ्या सात वजाबाक्या कराव्या लागतील.