रानकुत्र्यांना जंताची गोळी कोण देते?



जंतनाशक दिनाला वर्गात अल्बेंडाझोलच्या गोळ्या वाटत होते. तिसरीतल्या एका मुलाने विचारले, "मॅडम, रानकुत्र्यांच्या पोटात पण जंत होतात का? त्यांना गोळी कोण देते?" त्याच्या प्रश्नावरच हा पाठ.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात कुत्र्याच्या कुळातले रानकुत्रा (ढोल) आणि कोल्हा राहतात. यातला रानकुत्रा जगभरात धोक्यात आहे. 2015 च्या अंदाजानुसार पिल्ले देणारे प्रौढ रानकुत्रे फक्त 949 ते 2215 आहेत.

कुत्र्याच्या कुळातले मुख्य जंत

1. गोलकृमी : आईच्या पोटात असतानाच पिल्लांना लागण होऊ शकते.
2. अंकुशकृमी : आतड्याला चिकटून रक्त पितात. पिल्ले अशक्त होतात.
3. फीतकृमी : यांच्या अळ्या हरणे, गुरे, शेळ्या यांच्या शरीरात असतात. ते मांस खाल्ले की कुत्र्याच्या आतड्यात जंत वाढतो.

तपासणीसाठी प्राणी पकडावा लागत नाही. रानकुत्र्यांचा कळप बरेचदा पायवाटांच्या तिठ्यावर एकाच जागी विष्ठा टाकतो. तज्ज्ञ ती गोळा करून सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी शोधतात.

मग काळजी कशाची?

थोडे जंत असणे नैसर्गिकच आहे. धडधाकट प्राणी ते निभावून नेतो. पण शिकार कमी पडली, त्यात दुसरा आजार आला, तर आधी पिल्ले दगावतात. संख्या थोडी असलेल्या प्राण्याला हे परवडत नाही.

आता आपल्या गावाकडे बघा. मोहफुले, तेंदूपत्त्याच्या हंगामात आपल्यामागे गावातले कुत्रेही जंगलात जातात, तिथेच विष्ठा टाकतात. हेच जंत रानकुत्र्यालाही होऊ शकतात. आणि काही जंत आपल्या मुलांनाही!

म्हणून त्या मुलाला मी सांगितले, "बाळा, रानकुत्र्याला गोळी देता येत नाही. आपल्या मोत्याला दिली, की रानकुत्र्याचाही धोका कमी होतो."

आपण काय करायचे?

- कुत्र्याला जंतनाशक औषध आणि लस पशुवैद्यकीय दवाखान्यातूनच द्या. शाळेतली गोळी देऊ नका.
- बकरा कापल्यावर आतडी, काळीज कुत्र्यापुढे टाकू नका, खोल पुरा.
- जंगलातल्या विष्ठेला मुलांनी हात लावू नये. चप्पल घालावी, जेवणाआधी साबणाने हात धुवावेत.

उपक्रम : मुलांकडून गल्लीतले कुत्रे मोजून घ्या. किती कुत्र्यांना औषध मिळाले, हे घरोघरी विचारू द्या. तो तक्ता ग्रामसभेत नक्की मांडा.